माजूचा दाणा आणि न पुसणारी शाई

भाचीला मुलगा झाला तेव्हा अम्मीने बाळगुटीच्या सामानाची यादी माझ्या हातात ठेवली. यादी उर्दूत होती, तिच्या जुन्या वळणाच्या अक्षरात. काष्ठौषधीच्या दुकानात मी एकेक नाव वाचत गेले आणि दुकानदार काका पुड्या बांधत गेले. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, काकडशिंगी. 'माजू' म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"माजू नाही ठेवत ताई आम्ही."

"अहो काका, गोल असतं. सुपारीएवढं. अंगावर पुटकुळ्या आल्यासारखं दिसतं."

त्यांनी मागच्या फळीवरचा डबा काढून उघडला. "हे ना? हे मायफळ."

मी अठरा वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते. आमच्या घरातले माजू आणि शेजारच्या वहिनींच्या घरातले मायफळ ही एकच वस्तू आहे, हे मला त्या दिवशी कळले. (बाळगुटीविषयी एक सांगून टाकते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असे डॉक्टर सांगतात आणि मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. ती पुडी अम्मीच्या समाधानासाठी आणली. बाळाच्या तोंडात गेली नाही.)

पुडी घरात पडून होती, म्हणून मी माजूविषयी वाचू लागले, आणि त्या वाचनाने मला थेट दादाजानच्या बयाज़पर्यंत नेऊन सोडले. मराठी वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ नव्हे, वडिलांचे वडील. आणि बयाज़ म्हणजे ज्यात माणूस नुस्खे, शेर, हिशेब, घरातले जन्ममृत्यू असे काहीही लिहून ठेवतो ती वही.

आधी माजूबद्दल. मायफळ म्हणतात, पण ते फळ नाही. ती बलूताच्या, म्हणजे इंग्रजीत ज्याला ओक म्हणतात त्या झाडाच्या फांदीवर आलेली गाठ आहे. मुंगीएवढी एक माशी, गांधीलमाशीची दूरची नातलग, बलूताच्या कोवळ्या कळीत अंडे घालते. त्यातून निघालेल्या अळीच्या स्रावामुळे झाडाची तिथली वाढ भलतीकडे वळते. पान किंवा फांदी व्हायची ती एक टणक गोळी होते. अळी आतला मऊ गाभा खाऊन मोठी होते, पंख फुटले की गोळीला भोक पाडून निघून जाते. त्या गोळीत झाड आपले टॅनिन, म्हणजे तो जीभ आखडवणारा तुरट रस, इतका ओतते की सुक्या माजूचे निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचेच असते. बलूताच्या खोडात आणि सालीतही टॅनिन असते, पण एवढे दाटून आलेले फक्त इथे.

म्हणून माजू वेचणाऱ्यांची घाई असायची. माशी उडून जायच्या आधी काढलेला दाणा हिरवट-निळसर, जड आणि भरलेला. युनानी हकीम त्याला 'माजू सब्ज़' म्हणत आणि तोच मागत. माशी गेल्यावरचा दाणा फिकट, हलका, अंगाला टाचणीएवढे भोक. मी आणलेले दाणे खिडकीशी नेऊन पाहिले. पाचांपैकी तिघांना भोके होती.

बलूताच्या सुमारे साडेचारशे जाती जगात आहेत. आपल्या देशात हिमालयात बांज आहे आणि ईशान्येकडे त्याची बरीच भावंडे आहेत, पण दख्खनच्या पठारावर आणि सह्याद्रीत एकही जात आपणहून उगवत नाही. आपल्या शहरांत रस्त्याकडेला लावलेला सिल्व्हर ओक हा ओक नाहीच. तो ऑस्ट्रेलियाचा, वेगळ्याच कुळातला. ओक आडनावाचाही या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही, हे दरवर्षी वर्गात सांगावे लागते. माजू देणारी जात तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या पट्ट्यातली. ती उंच डेरेदार वृक्ष नसून बहुतेकदा झुडूपवजाच असते. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'इन्फेक्टोरिया' या शब्दाचा रोगाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये त्याचा रोख रंगवण्याकडे आहे.

व्यापारात सर्वांत नावाजलेले माजू हलबचे, म्हणजे अलेप्पोचे. खरे तर पुष्कळसा माल कुर्दिस्तानच्या डोंगरांत वेचला जायचा, मोसूलहून हलबला यायचा आणि हलबचे नाव लावून जगभर जायचा. माल डोंगराचा, नाव बाजाराचे. आपल्याकडे तो बसरा आणि पर्शियन आखातातून गलबतांनी मुंबईला यायचा आणि मुंबईहून गावोगावच्या गांधी-अत्तारांच्या डब्यांत. पुढे मलायापर्यंत हा दाणा गेला. तिथे त्याला मंजाकानी म्हणतात आणि बाळंतिणीला देतात.

बलूत या अरबी शब्दाने मात्र उलट्या दिशेला मोठा प्रवास केला. स्पॅनिशमध्ये बलूताच्या फळाला आजही 'बेयोता' म्हणतात, ते या 'बलूता'चेच रूप. कुर्तुब्याच्या उत्तरेला 'फहसुल बलूत', बलूतांचे पठार, नावाचा प्रदेश होता. तिथल्या फळांची चव आणि लोक त्या झाडांची कशी निगा राखतात, हे भूगोलकार अल-इद्रीसीने बाराव्या शतकात लिहून ठेवले आहे. दुष्काळात तीच फळे लोकांना तारत. त्याच प्रदेशातून आलेले कुर्तुब्याचे काज़ी मुंज़िर इब्न सईद अल-बलूती. खलीफा अब्दुर्रहमान तिसरा याने मदीनतुज़्ज़हरा हे राजनगर उभारताना सोन्याचांदीची उधळण केली, तेव्हा या काज़ींनी त्याला भर सभेत सुनावले आणि तरीही आपल्या पदावर राहिले. इस्लामी इतिहास शिकवताना आपण खलिफांच्या इमारती फार सांगतो आणि असे काज़ी कमी सांगतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. पण तो विषय वेगळा.

आता शाई. अरबीत शाईला दोन शब्द आहेत, 'मिदाद' आणि 'हिब्र'. नंतर ते एकमेकांत मिसळले, पण मुळात मिदाद म्हणजे काजळीची शाई आणि हिब्र म्हणजे माजूची. काजळीची शाई सोपी: दिव्याची काजळी, डिंक, पाणी, आणि घोटाई. ती कागदाच्या वर बसते. काळी कुळकुळीत राहते, शतके गेली तरी फिकी पडत नाही, पण ओल्या बोटाने पुसता येते. माजूची शाई कागदाच्या आत जाते.

ती कशी, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. लोखंडी विळीवर आवळे चिरा, पाते काळे पडते. मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली की तिचा रंग गडद का होतो? कारण तेच. टॅनिन आणि लोह भेटले की काळा रंग तयार होतो. शाईसाठी माजू कुटून पाण्यात भिजवायचे किंवा उकळायचे, गाळून त्यात हिराकस घालायचा आणि धरून ठेवायला डिंक. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. उर्दूत कसीस, अरबीत ज़ाज. ताजी शाई फिकट असते. कागदावर लिहिल्यावर हवेतला प्राणवायू मिळाला की ती धाग्यांच्या आतच काळी होते. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीला ही गोष्ट ठाऊक होती: माजूच्या पाण्यात भिजवलेला पपायरसचा तुकडा घेऊन तो जंगालात हिराकसाची भेसळ पकडायची रीत सांगतो. तुकडा काळा पडला तर माल खोटा.

उत्तर आफ्रिकेतला ज़ीरी घराण्याचा अमीर अल-मुइज़ इब्न बादीस (मृत्यू १०६२) याच्या नावावर 'उम्दतुल कुत्ताब' हा ग्रंथ आहे. कलम कसा तासावा, शाया कशा कराव्यात, जिल्द कशी बांधावी, असे सगळे त्यात आहे आणि माजूच्या शाईच्या कृती त्यात एकामागून एक येतात. राज्यकर्त्याच्या नावावर शाईचे पुस्तक असावे, हे मला फार आवडते. फारसीत तर शाईचे प्रमाण पद्यात बांधलेले आहे: काजळी एक भाग, ज़ाग एक भाग, माजू दोन, डिंक चार. या प्रमाणात काजळी आणि माजू दोन्ही आहेत, म्हणजे वर बसणारी आणि आत शिरणारी शाई एकत्र.

हीच रसायने आपल्या आज्या-पणज्या दातांना लावत होत्या. मुसलमान घरांतली मिस्सी आणि मराठी बायकांचे दातवण ही दोन नावे वेगळ्या जगातली वाटतात. दोन्हींत माजू आणि हिराकस. सवाष्णीचे काळे दात म्हणजे खरे तर दातांवर लिहिलेली शाईच.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी ती शाई करून पाहिली. चार दाणे कुटले, दोन दिवस भिजत ठेवले, गाळले, चिमूटभर हिराकस टाकला. पाणी करडे झाले तेव्हा मुलांचा विरस झाला. बोरू बुडवून एकाने नाव लिहिले, ते धुरकट दिसले. तास संपेपर्यंत काळसर झाले आणि दुसऱ्या दिवशी काळे. "मॅडम, मतदानाला बोटाला लावतात ती हीच का?" नाही, ती सिल्व्हर नायट्रेटची असते. पण प्रश्न चांगला होता. एका मुलाने मात्र मित्राच्या पांढऱ्या शर्टावर आपले नाव लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या मित्राची अम्मी शाळेत आली. मी माफी मागितली. चार दिवसांनी त्या माउलीनेच सांगितले की लिंबू आणि मीठ चोळल्यावर डाग पिवळट होऊन बराचसा गेला. म्हणजे न पुसणारी शाई पाण्याला दाद देत नाही, पण आम्लाला देते. खोटे दस्तऐवज करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते.

आपल्या रिवाजात वेगवेगळ्या कामाला वेगवेगळी शाई आहे, हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आले. पिण्याचा तावीज लिहितात तो केशर-गुलाबपाण्याने. तो पाण्यात विरघळायलाच हवा. मुलाची तख्ती लिहायची ती काजळीच्या शाईने. रोज धुवायची, रोज नवा धडा. जुन्या मुसहफाची झिजलेली पाने 'ठंडी' करायची, तर ती पाण्यात सोडतात किंवा पुरतात, आणि पाण्याने अक्षरे धुऊन काढणे हाही मार्ग सांगितलेला आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी अक्षर पुसले जाणे यात अपमान नाही, ते अपेक्षितच आहे. माजूची शाई तिथे कामाची नाही. ती लागते चर्मपत्रावर, जिथे काजळी धरत नाही आणि सुटून पडते. म्हणून जुन्या चर्मी मुसहफांतली पुष्कळ अक्षरे आज काळी नसून तपकिरी दिसतात. आणि ती लागते करारावर, सनदेवर, नोंदवहीत. इंग्लंडचा १२१५चा मॅग्ना कार्टा माजूच्या शाईत आहे. जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदींसाठी तिथे आत्ता-आत्तापर्यंत हीच शाई लागे.

धुतली तरी ती जात नाही याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे आर्किमिडीजची पोथी. दहाव्या शतकात ग्रीकमध्ये नकललेली. तेराव्या शतकात कुणीतरी पाने खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या. अलीकडे, २००५च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला ती पाने क्ष-किरणांखाली धरली, तर शाईतले लोह चमकले आणि खरवडलेले आर्किमिडीज वाचता आले. यमनमध्ये सनाच्या जामा मस्जिदीत १९७२ साली दुरुस्तीच्या वेळी मिळालेल्या चर्मपत्रांतही धुतलेली जुनी अक्षरे काळाच्या ओघात फिकट तपकिरी होऊन परत वर आलेली आहेत.

इथवर वाचून वाटेल की बलूताची शाई म्हणजे अमरपट्टा. मलाही तसेच वाटत होते.

दादाजान बीडकडच्या एका गावात राहायचे. निजामाच्या राजवटीत दफ्तराची भाषा उर्दू, आणि त्यांचे अक्षर चांगले, म्हणून अर्ज-दरखास्त लिहून देणे आणि थोडी हिकमत, यावर घर चालायचे. शाई ते घरी करत. अब्बा सांगायचे की अंगणात एका मातीच्या घड्यात माजू भिजत पडलेले असायचे आणि मुलांना तिकडे फिरकायची बंदी होती. दादाजानची बयाज़ माझ्याकडे आहे. तिची काही पाने पाहिली की काळीज हलते. अक्षरे तपकिरी झाली आहेत, आणि जिथे कलम जोरात टेकला तिथे अक्षराच्या जागी भोक आहे. पान उजेडात धरले की नुक्ते आकाशासारखे दिसतात. पान उलटताना ओळीच्या ओळी तुटून मांडीवर पडतात.

कारण शाईतच आहे. माजू आणि हिराकस एकत्र आले की गंधकाम्ल तयार होते. हिराकस जास्त पडला तर उरलेले लोह कागदाच्या धाग्यांवर काम करत राहते. आम्ल आणि लोह मिळून कागद आतून जाळतात, आणि दमट हवा मिळाली की भराभर. कृती चांगली जमली तर तीच शाई हजार वर्षे टिकते, हात जड झाला तर शंभरातच पान खाते. जर्मनीत बाखची हस्तलिखिते याच रोगाने पोखरली होती. नेदरलँड्सच्या तज्ज्ञांनी १९९०च्या दशकात त्यावर कॅल्शियम फायटेटचे स्नान शोधले. ते उरलेल्या लोहाला बांधून ठेवते. पण ते प्रयोगशाळेचे काम आहे, घरच्या परातीत करायचे नाही.

यातून एक उलटी गोष्ट निघते आणि ती आपल्या घरांतल्या पेट्यांशी संबंधित आहे. आपल्याकडचे फार जुने कागद, मोडीतले असोत की फारसीतले, बहुतेक काजळीच्या शाईचे आणि हातकागदावरचे. ते काळे ठणठणीत आहेत. पाण्यापासून आणि वाळवीपासून जपले की झाले. धोका त्यांच्या नातवंडांना आहे. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांत निळी-काळी शाई आली, ती माजूच्याच जातीची. आणि त्याच काळात कागद लाकडाच्या लगद्याचा, मुळातच आम्लधर्मी येऊ लागला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या सनदेपेक्षा आजोबांचे खरेदीखत जास्त आजारी असू शकते.

२०१९-२०च्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. कोण कुठे जन्मले, कुणाचे नाव कुठे आहे, याचा शोध चालला होता. झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा असत. मीही बयाज़मधले एक पान घेऊन गेले. त्यावर दादाजानने आपल्या मुलांच्या जन्माच्या तारखा हिजरी आणि फसली दोन्ही सनांत लिहिल्या आहेत. अब्बांची जन्मतारीख दुसरीकडे कुठेच नाही. पान तुटत होते, म्हणून मी ते लॅमिनेट करून घेतले. गरम रुळांतून ते प्लास्टिकमध्ये गेले तेव्हा मला हायसे वाटले होते.

त्याहून वाईट काही करता आले नसते. उष्णतेने आधीच करपलेला कागद आणखी करपला, आम्ल आत कोंडले गेले, आणि आता प्लास्टिक काढायला जावे तर अक्षरेच सोलून येतील. अब्बांची तारीख अजून वाचता येते. तिच्या वरची ओळ गेली. ती ओळ अब्बांच्या थोरल्या बहिणीची होती, दीड वर्षाची होऊन गेलेल्या माझ्या फुप्पूची. तिचे नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. ते अब्बांना माहीत होते, आणि अब्बांना जाऊन आता सहा वर्षे झाली. मी विचारायची राहिले.

म्हणून ज्यांच्या पेटीत तपकिरी अक्षरांचे कागद आहेत त्यांना सांगते: लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, घडी पुन्हापुन्हा उघडू नका. आधी चांगल्या उजेडात फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. मग आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी, सपाट ठेवा. पावसाळ्यात पेटी भिंतीपासून लांब. आणि जे वाचता येते ते आजच कुणाला तरी वाचून दाखवा, वहीत उतरवून घ्या.

आता पुन्हा ती बयाज़. या शाईची एक खोड असते. वही मिटलेली असताना ती समोरच्या पानालाही हळूहळू जाळते आणि त्यावर अक्षरांची उलटी, फिकट छाप उमटते. मागच्या रमज़ानमध्ये सहरीनंतर झोप येईना म्हणून मी वही काढली. लॅमिनेट केलेल्या पानासमोरचे पान वहीतच होते, मी त्याकडे कधी पाहिलेच नव्हते. वरच्या बाजूला तिथे चहाच्या डागासारखी एक ओळ होती. मी अम्मीचा हातातला छोटा आरसा आणला. आरशात 'दुख्तर' हा शब्द स्पष्ट लागला, मग सन लागला, आणि मग नावातली पहिली तीन अक्षरे. चौथ्यावर पान दुमडलेले आहे. घडी उघडायला मी हात लावलेला नाही. अम्मी म्हणते, तीन अक्षरांवरून ती ओळखेल, फक्त मोठे करून दाखव. उद्या शाळेतून येताना फोटोची मोठी प्रत काढून आणणार आहे.